दोन टोकांमधली वाट

मे १९७३. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात सूर्य नुकताच बुडाला आहे. शेतांमधून जाणाऱ्या एका सरळसोट रस्त्याच्या कडेला गाडी उभी आहे आणि तुम्ही ड्रायव्हरशेजारच्या सीटवर आहात. गाडीच्या टपातून अँटेनाची दांडी वर काढलेली आहे आणि ती आतून हाताने फिरवावी लागते. स्टिअरिंगवर बिल कॉक्रन आहेत. रिसीव्हरमधून नुसती खरखर येते, आणि त्या खरखरीत ठरावीक अंतराने एक बारीक ठोका.

तो ठोका समोरच्या झाडीत बसलेल्या एका पक्ष्याच्या पाठीवरून येतो आहे. स्वेनसनचा कस्तूर. वरून तपकिरी, छातीवर फिकट ठिपके, वजन तीसएक ग्रॅम. दिवसभर झाडीच्या तळाशी किडे वेचणारा हा पक्षी रात्री प्रवास करतो, म्हणून तो जाताना कुणाला दिसत नाही. वसंतातल्या शांत रात्री अंगणात उभं राहिलं तर वरून एखादी हलकी शीळ ऐकू येते, तेवढंच. ती कुठून आली नि कुठे गेली, हे सांगणारं कुणी नाही. कॉक्रन हे रेडिओचे इंजिनिअर. प्राण्यांच्या अंगावर बसतील असे ट्रान्समीटर ते स्वतः जोडतात. आठ वर्षांपूर्वी, १९६५ मध्ये, असाच ट्रान्समीटर लावलेल्या एका कस्तूराच्या मागे रिचर्ड ग्रेबर रात्रभर छोटं विमान घेऊन गेले होते. पक्ष्याने मिशिगन सरोवराची वाट धरली. तेव्हा एका रात्रीचा प्रवास कळला. आज कॉक्रन यांना पुढच्या रात्रीही हव्या आहेत.

अंधार दाटतो आणि अचानक ठोका ठसठशीत होतो. पक्षी झाडीबाहेर पडून वर चढला की रेडिओलहरींच्या आड काही येत नाही. कॉक्रन गिअर टाकतात.

आता तुमचं काम सुरू. अँटेना फिरवायची, ठोका सगळ्यात मोठा कुठे येतो ते पाहायचं, दिशा सांगायची. अडचण अशी, की इलिनॉयमधले रस्ते काटकोनात आखलेले आहेत आणि पक्षी तिरका चालला आहे. त्यामुळे तुम्ही उत्तरेला दोन मैल, पश्चिमेला एक, परत उत्तरेला, असे पायऱ्यापायऱ्यांनी त्याच्या मागे जाता. नदी आडवी आली की पूल शोधायचा. पुलापर्यंत जाऊन यावं तोवर ठोका क्षीण होतो, मग खरखरीत बुडतो, आणि तुम्ही श्वास रोखून दांडी इकडून तिकडे फिरवत राहता. पेट्रोल भरायला थांबायचं तर तेवढा वेळ पक्षी पुढे. पुढे कुठेतरी पुन्हा पहिला ठोका लागतो, तेव्हा गाडीत कुणी काही बोलत नाही, फक्त वेग वाढतो.

पहाटेच्या आधी पक्षी खाली उतरतो. कुठल्यातरी अनोळखी गावाबाहेरच्या झाडीत तो दिवसभर खातो, विश्रांती घेतो. तुम्हीही आळीपाळीने सीटवरच डोळा लावता. संध्याकाळी दोघांपैकी एकाने जागं असलंच पाहिजे, कारण तो सांगून उडणार नाही.

अशा सात रात्री. शेवटी तुम्ही कॅनडात, मॅनिटोबाच्या दक्षिण भागात पोहोचलेले असता आणि मागे पंधराशे किलोमीटर पडलेले असतात. एवढी धावपळ एका पक्ष्यासाठी. पण इतक्या लहान पक्ष्याची सलग सात रात्रींची वाट त्याआधी माणसाच्या हाती लागलेली नव्हती.

ही वाट हाती नसताना काय होतं, ते पाहायला साठ वर्षं मागे चला.

डिसेंबर १९१२, दक्षिण आफ्रिकेतला नाताळ प्रांत. युट्रेख्त नावाच्या गावापासून अठरा मैलांवर एक शेत आहे. दक्षिण गोलार्धातला डिसेंबर म्हणजे ऐन उन्हाळा. २३ तारखेला शेतातल्या घरात एक भिंगरी शिरते आणि पकडली जाते. शेतकऱ्याच्या हातात ती धडपडते आहे. पाठ निळसर काळी, गळा विटकरी, शेपटीला दोन लांब तारा. तिच्या पायात धातूचं कडं आहे. तुम्ही वाकून पाहा. अक्षरं झिजलेली नाहीत: एका बाजूला ‘विदरबी, हाय होबर्न, लंडन’, दुसऱ्या बाजूला ‘बी ८३०’.

शेतकरी ते कडं काढून स्वतःजवळ ठेवतो. चार दिवसांनी गावातल्या ग्रँड हॉटेलचे मालक त्या पत्त्यावर पत्र लिहितात. त्यांना पक्ष्यांची आवड आहे म्हणून ही गोष्ट घडली, नाहीतर ते कडं त्या घरातच एखाद्या खणात पडून राहिलं असतं. लंडनमध्ये हॅरी विदरबी पत्र उघडतात आणि नोंदवही काढतात. बी ८३० हे कडं ६ मे १९११ रोजी इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायरमध्ये, चीडल या गावी, एका वकिलाच्या घरी घरटं करणाऱ्या भिंगरीच्या पायात घातलं होतं. चीडल ते युट्रेख्त हे अंतर सरळ रेषेत दहा हजार किलोमीटरच्या घरात जातं.

भिंगऱ्या हिवाळ्यात कुठे जातात, या प्रश्नावर युरोपने शतकानुशतकं डोकं खाजवलं होतं. त्या तळ्याच्या तळाशी चिखलात झोपतात, असं सोळाव्या शतकात ओलाउस माग्नुस यांनी ग्रंथात लिहिलं होतं आणि लोक ते मानतही होते. १८९९ मध्ये डेन्मार्कमधल्या व्हिबोर्गच्या मॉर्टेन्सन नावाच्या शिक्षकाने साळुंकीच्या कुळातल्या स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायात क्रमांक कोरलेली ॲल्युमिनियमची कडी घातली, तिथून या प्रश्नाला हात घालण्याची पद्धतशीर सुरुवात झाली. १९१२ चं हे पत्र त्या पद्धतीचं अत्यंत मोलाचं फळ आहे. तरी पत्र हातात घेऊन नीट विचार करा: तुमच्याकडे काय आहे? एक अंगण आणि एक शेत. मधलं फ्रान्स, भूमध्य समुद्र, सहारा, विषुववृत्तावरची जंगलं यांपैकी ती कशावरून गेली, कुठे थांबली, कुठे उपाशी राहिली, याचा एक शब्दही त्या कड्यावर नाही. वहीत दोन ठिपके आहेत आणि त्यांना जोडणारी रेघ आपण मनाने ओढलेली आहे.

आपल्याकडेही हीच कडी आली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात माकडतापाची साथ उघड झाली. त्याचा विषाणू रशियातल्या एका विषाणूशी मिळताजुळता निघाल्यावर, तो तिकडून येणाऱ्या पक्ष्यांच्या अंगावरच्या गोचिडांबरोबर आला असेल का, अशी शंका निघाली. त्या शंकेपोटी जागतिक आरोग्य संघटनेचा पैसा मिळाला आणि १९५९ पासून मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने सालिम अली यांच्या पुढाकाराने पक्ष्यांना कडी घालण्याचं मोठं काम उभं केलं. धोबी, वटवटे, भारीट असे मुठीत मावणारे पक्षी ‘मुंबईला कळवा’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरं पायात घेऊन उडाले. ज्याच्या हाती पक्षी पडेल त्याने ती अक्षरं वाचावीत, त्याला ती समजावीत, आणि त्याने पोस्टात पत्र टाकावं. एवढं सगळं जुळून यायला हवं, आणि बहुतेक वेळा ते जुळत नाही. म्हणून कॉक्रन गाडी घेऊन निघाले.

पण गाडी समुद्रावर जात नाही. आणि एका पक्ष्यामागे दोन माणसं किती दिवस फिरतील? वाट पक्ष्यानेच लिहून ठेवली तर?

हे शक्य झालेलं पाहायला २००७ च्या उन्हाळ्यात पेनसिल्व्हेनियात या. ब्रिजेट स्टचबरी आणि त्यांचे सहकारी वुड थ्रश आणि पर्पल मार्टिन या पक्ष्यांच्या पाठीवर दीड ग्रॅमचं एक यंत्र बसवत आहेत. ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेने ते मुळात अल्बट्रॉससारख्या अवाढव्य समुद्रपक्ष्यांसाठी तयार केलं आणि पुढे लहान लहान करत आणलं. त्याचं नाव जिओलोकेटर. त्याला जीपीएस नाही, ते कुठेही संदेश पाठवत नाही. आत घड्याळ आहे, बॅटरी आहे, स्मृती आहे आणि प्रकाश मोजणारा एक बारीक डोळा आहे. उजेड किती, वेळ काय, एवढंच ते महिनोन्‌महिने लिहीत राहतं.

एवढ्यावर पृथ्वीवरची जागा कशी कळते? जुन्या दर्यावर्दींचंच गणित आहे. सूर्योदय आणि सूर्यास्त यांच्या बरोबर मधली वेळ म्हणजे त्या जागेची मध्यान्ह. ती चार मिनिटं उशिरा आली तर तुम्ही एक अंश पश्चिमेला सरकलात, लवकर आली तर पूर्वेला. दिवस किती लांब होता यावरून विषुववृत्तापासून किती दूर, ते निघतं. चूक शे-दोनशे किलोमीटरची सहज होते. पान आडवं आलं, ढग आले, पक्षी ढोलीत शिरला, की सूर्योदय उशिरा झाल्यासारखा दिसतो. शिवाय २२-२३ सप्टेंबरच्या आसपास सगळ्या पृथ्वीवर दिवस जवळपास सारखाच असतो, त्यामुळे नेमक्या स्थलांतराच्या दिवसांत अक्षांश हरवतो. या सगळ्यासकट, २००८ मध्ये परत हाती आलेल्या मूठभर यंत्रांनी पक्षिशास्त्रज्ञांना खडबडून जागं केलं. एक मार्टिन ब्राझीलहून पेनसिल्व्हेनियाला अवघ्या तेरा दिवसांत परतली होती: साडेसात हजार किलोमीटर. एवढा वेग कुणी धरलाच नव्हता.

आता तुम्हाला डोंगर चढायचा आहे.

जून २०१३, व्हरमाँट राज्यातला मॅन्सफील्ड पर्वत, उंची १,३३९ मीटर. उजाडतं आहे. माथ्याजवळची फर आणि स्प्रूसची झाडं वाऱ्याने खुजी राहिलेली, एकमेकांत घुसलेली. धुक्याने बाह्या ओल्या झाल्या आहेत. कानाजवळ काळ्या माश्या घोंगावतात. झाडीतून एक आवाज येतो, त्सी-त्सी-त्सी-त्सी, सुईच्या टोकाइतका बारीक आणि इतका उंच पट्टीचा, की वय झालेल्या अनेक पक्षिनिरीक्षकांना तो ऐकूच येत नाही. हा ब्लॅकपोल वॉर्बलर. आपल्याकडच्या वटवट्यांएवढाच.

झाडांमध्ये ताणलेल्या ‘मिस्ट नेट’ या जाळ्याच्या झोळात तो अडकला आहे. आधी पाय सोडवायचे, मग पंख, मग डोकं. मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मध्ये, पाठ तळहाताला टेकलेली. असं धरलं की पक्षी शांत राहतो. जवळून पाहा. डोक्यावर काळी टोपी, गाल पांढरेशुभ्र, अंगावर काळ्या रेघा आणि पाय चक्क नारिंगी-पिवळे. त्याचं हृदय तुमच्या बोटांना लागतं. इतक्या वेगाने, की ठोके मोजता येत नाहीत.

तराजूवर बारा ग्रॅम. यंत्र अर्ध्या ग्रॅमचं, एका काबुली चण्याच्या वजनाचं. सहा वर्षांत दीड ग्रॅमवरून ते इथवर आलं, म्हणून हा पक्षी आता शक्य झाला. लहान पक्ष्यावर त्याच्या वजनाच्या तीन ते पाच टक्क्यांहून जास्त ओझं टाकायचं नाही, असा दंडक आहे. अर्धा ग्रॅम म्हणजे चार टक्क्यांच्या थोडं वर. यंत्राला लवचीक दोऱ्याचे दोन फास आहेत. एक फास एका मांडीवर चढवायचा, यंत्र कमरेवर धरायचं, दुसरा फास दुसऱ्या मांडीवर. पिसं वरून नीट बसवायची. सैल राहिलं तर फांदीत अडकेल, घट्ट झालं तर चरबी चढल्यावर रुतेल. हात थरथरून चालत नाही. मग मूठ उघडायची.

व्हरमाँटमध्ये आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात मिळून असे सदतीस पक्षी यंत्र घेऊन उडतात. विचारलेला प्रश्न पन्नास वर्षं जुना आहे. शरद ऋतूत ब्लॅकपोल ईशान्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर गोळा होतात, आणि काही आठवड्यांनी दक्षिण अमेरिकेत असतात. मधे ते किनाऱ्याकिनाऱ्याने फ्लोरिडाला उतरतात, की थेट अटलांटिकवर झेप घेतात? रडारवर समुद्राकडे जाणारे थवे दिसले होते, जहाजांवर दमलेले पक्षी उतरले होते. पण ते हेच का, आणि ते पार पोहोचतात का? बारा ग्रॅमचा पक्षी, पाण्यावर उतरता येत नाही, विसावा नाही. बऱ्याच जाणत्यांना ते पटत नव्हतं.

त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात तुम्ही किनाऱ्यावरच्या झुडपांत उभे राहू शकता. तिथे हेच पक्षी दिवसभर किडे आणि फळं खात सुटलेले असतात. चरबी साठवून वजन जवळजवळ दुपटीपर्यंत नेतात. थंड वाऱ्याची लाट येऊन जाते, आकाश निवळतं, वारा उत्तरेकडून वाहू लागतो. संध्याकाळनंतर झुडपं रिकामी होतात. आणि इथे तुमचा प्रवास खुंटतो. काळात कुठेही जाता आलं तरी पुढे पाणी आहे.

म्हणून २०१४ च्या उन्हाळ्यात जा, त्याच डोंगरावर, त्याच जाळ्यांपाशी. संशोधक रोज पहाटे येतात, जाळ्यात पडलेल्या प्रत्येक पक्ष्याची कंबर पाहतात. बहुतेक कंबरा मोकळ्या. व्हरमाँटमध्ये तीन पक्षी यंत्रासकट सापडतात, नोव्हा स्कोशियात दोन. सदतीसांतले पाच. फास कापला जातो, पक्षी सुटतो आणि यंत्र संगणकाला जोडलं जातं.

पडद्यावर उजेडाची आलेखरेषा उमटते: वर, खाली, वर, खाली, वर्षभराचे दिवस आणि रात्री. उन्हाळ्यातल्या रेषेच्या कडा खडबडीत आहेत, कारण तो गर्द झाडीत होता आणि पानांची सावली सेन्सरवर पडत होती. शरदातल्या नोंदींपाशी या. व्हरमाँटमध्ये ऑक्टोबरात दिवस रोज तीनेक मिनिटांनी आखडत जातो. पण इथे दिवस आखडायचा थांबतो आणि उलट मोठा होऊ लागतो. कॅलेंडर हिवाळ्याकडे चाललं आहे आणि या पक्ष्याचा दिवस वाढतो आहे. याचा अर्थ एकच: तो झपाट्याने दक्षिणेला चालला आहे. ऑक्टोबरच्या मध्यावर व्हरमाँटचा दिवस आणि पोर्तो रिकोचा दिवस यांत अर्ध्या तासाहून अधिक फरक असतो. तेवढा फरक या रेषेने दोन-तीन दिवसांत पार केला आहे. आणि कडा? आता त्या स्वच्छ आहेत. उजेड येतो आणि जातो, मध्ये पान नाही, फांदी नाही. उघड्या समुद्रावरचं आकाश असंच दिसणार.

पाचही यंत्रं तेच सांगतात. २५ सप्टेंबर ते २१ ऑक्टोबर या दरम्यान केव्हातरी प्रत्येकाने किनारा सोडला आणि २,२७० ते २,७७० किलोमीटर न थांबता उडून कॅरिबियन बेटं गाठली. त्याला दोन ते तीन दिवस लागले. बेटांवर थोडं सावरून ते व्हेनेझुएला-कोलंबियाकडे गेले. वसंतात मात्र परतीची वाट वेगळी: क्युबा, फ्लोरिडा आणि मग जमिनीवरून उत्तरेला. २०१५ मध्ये विल्यम डेलुका आणि सहकाऱ्यांनी हे प्रसिद्ध केलं आणि पन्नास वर्षांचा वाद मिटला.

या शोधनिबंधातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट ही, की हे उत्तर माणसाने डोळ्यांनी पाहिलेलं नाही. मधली वाट पक्ष्याचीच आहे. त्याने ती वर्षभर अंगावर बाळगली आणि दुसऱ्यांदा आपल्या हातात आला, म्हणून ती आपल्याला वाचता आली.

उरलेल्या बत्तीस पक्ष्यांचं काय झालं, ते कुणालाच सांगता येत नाही. काही परतले असतील आणि जाळ्याला चकवून गेले असतील. काहींचा दोरा तुटला असेल. काही समुद्रात पडले असतील, काही जंगल तोडून मोकळ्या झालेल्या रानात, काही उंच इमारतींच्या काचांवर आपटून. यंत्रात त्यांचे शेवटचे दिवस लिहिलेले आहेत, पण ते यंत्र त्यांच्याबरोबरच गेलं. म्हणजे जिओलोकेटरने आपल्याला जी वाट कळते ती नेहमी वाचलेल्यांची वाट असते. १९७० नंतर उत्तर अमेरिकेतल्या पक्ष्यांची संख्या जवळपास तीनशे कोटींनी घटली, असा हिशेब २०१९ मध्ये मांडला गेला. ब्लॅकपोल तर झपाट्याने कमी होणाऱ्या पक्ष्यांत मोडतो. अशा वेळी कोण मेलं आणि कुठे मेलं, हा प्रश्न वाट कोणती या प्रश्नाहून निकडीचा आहे.

२०१९ मध्येच ब्लॅकपोलवर आणखी एक शोधनिबंध आला. या खेपेला यंत्रं थेट अलास्कातल्या नोमसारख्या ठिकाणच्या ब्लॅकपोलवर बसवली होती. ते आधी अख्खा उत्तर अमेरिका खंड ओलांडून अटलांटिकच्या किनाऱ्याला येतात, तिथे चरबी चढवतात आणि मग तीच समुद्रझेप घेतात. जाऊन येऊन वीस हजार किलोमीटरपर्यंत.

आजच्या दिवसात परत या. कॉक्रन यांची गाडी आता हजारो ठिकाणी उभी आहे, फक्त तिला चाकं नाहीत. बर्ड्स कॅनडा ही संस्था चालवत असलेल्या मोटस या जाळ्यात शेतांत, दीपगृहांवर, शाळांच्या गच्च्यांवर अँटेना लावलेल्या आहेत. पक्ष्याच्या पाठीवरच्या ग्रॅमच्या अंशाएवढ्या ट्रान्समीटरला स्वतःचा क्रमांक असतो आणि तो जवळून गेला की अँटेना ते आपोआप टिपते. पक्षी पुन्हा पकडावा लागत नाही. पण एका अँटेनाचा पल्ला काही किलोमीटरचा, आणि ज्या अडीच हजार किलोमीटरबद्दल आपण बोलतो आहोत तिथे अँटेना रोवायला जमीन नाही.

उपग्रहाशी थेट बोलणारे टॅग गरुड, करकोचे, बदकं यांच्यावर सर्रास बसवतात. मेलेला पक्षी कुठे पडला, हे ते सांगू शकतात. बारा ग्रॅमच्या पक्ष्याला पाच टक्क्यांच्या हिशेबाने ०.६ ग्रॅमच पेलतात, आणि संशोधक आता उपग्रहाच्या टॅगचं वजन तिथवर उतरवण्याच्या खटपटीत आहेत.